आखातातला आजारी माणूस घरी आणायचा आहे: छोटे विमान बोलावण्याआधी

महाडचा खाडीपट्टा, दासगाव, वहूर, बिरवाडी, तिकडे पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्या. या भागातल्या किती घरांचा कर्ता माणूस कुवेत, मस्कत, दुबई किंवा दम्मामला आहे, हे तुम्हाला सांगायला नको. अशा एखाद्या घरी अवेळी फोन येतो. खोलीवरचा साथीदार सांगतो, साइटवरून पडला, डोक्याला मार आहे, आयसीयूत ठेवलाय. तासाभरात घर भरते आणि सल्ले सुरू होतात. एअर ॲम्ब्युलन्स बोलवा. नको, कंपनीच पाठवेल. दूतावास विमान देतो म्हणे. आमदारांना फोन लावा. विमान थेट महाडलाच उतरवता येत नाही का?

हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात आणि घाईत चुकीच्या क्रमाने सोडवले जातात. आधी पैसे गोळा होतात, मग विमान ठरते आणि रुग्ण प्रवासाला योग्य आहे का हे शेवटी विचारले जाते. क्रम याच्या उलट हवा. छोटे विमान मिळणे तुलनेने सोपे असते. अडते ते तिथल्या डॉक्टरांचा अहवाल, इथली खाट आणि देश सोडण्याची परवानगी या तीन ठिकाणी. म्हणून आधी ही तीन कामे हातात घ्या.

पहिल्या दिवशी काय करायचे

घरातला एकच माणूस बोलण्यासाठी नेमा. रुग्णालय, कंपनी, दूतावास आणि विमानवाले या सगळ्यांशी तोच बोलेल, तोच वहीत लिहून ठेवेल. चार भाऊ चार ठिकाणी फोन करू लागले की रुग्णालय कोणालाच नीट सांगत नाही आणि एजंट प्रत्येकाला वेगळा भाव सांगतो. वेळेचाही हिशेब ठेवा: यूएई आणि ओमान आपल्या दीड तास मागे, सौदी, कुवेत, कतार आणि बहरीन अडीच तास मागे. सौदी, कुवेत, कतार, बहरीन आणि ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. यूएईत २०२२ पासून शनिवार-रविवार. गुरुवारी दुपारपर्यंत न झालेले काम बऱ्याचदा रविवारवर जाते, म्हणून आठवडा कुठून कुठे धावतो हे ध्यानात ठेवूनच फोन करा.

मग पुढील कागद मागवा. फोटो नकोत, स्कॅन केलेली पीडीएफ हवी:

- पासपोर्टची पहिली व शेवटची पाने, व्हिसा किंवा इकाम्याची (निवास परवान्याची) प्रत
- तिथल्या डॉक्टरांचा सविस्तर वैद्यकीय अहवाल, सही-शिक्क्यासह, इंग्रजीत
- सीटी स्कॅन किंवा एमआरआयच्या प्रतिमा (नुसता रिपोर्ट पुरत नाही)
- आरोग्य विम्याचे कार्ड आणि कंपनीच्या एचआरचा ईमेल
- रुग्णालयाचे आजवरचे बिल

अहवालात रुग्ण शुद्धीवर आहे का, ऑक्सिजन किती लागतो, व्हेंटिलेटरवर आहे का, कोणत्या नळ्या लावल्या आहेत, शस्त्रक्रिया झाली असल्यास तारीख कोणती, अंगावर जखमा किंवा संसर्ग आहे का, हे स्पष्ट लिहिलेले असावे. “स्थिती स्थिर आहे” एवढ्या एका ओळीवर कोणीही जबाबदार विमानसेवा रुग्ण उचलणार नाही. उचलायला तयार झालीच तर तिच्यापासून सावध राहा.

विमानात शरीराचे काय होते

एवढे समजून घेतल्याशिवाय पर्याय निवडता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. उडत्या विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच असतो. म्हणजे महाबळेश्वरच्याही बरेच वर. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. फुप्फुस किंवा हृदय कमजोर असलेल्याच्या रक्तातला ऑक्सिजन मात्र उतरतो. दुसरे असे की शरीरात कुठे हवा अडकलेली असेल, छातीत, पोटात, कवटीत, तर ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. डोक्याच्या किंवा पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर विमान कंपन्या काही दिवस थांबायला लावतात ते यामुळेच. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ही मुदत साधारण दहा दिवसांची असते.

हाड मोडून नुकतेच प्लास्टर घातले असेल तर पहिल्या ४८ तासांत ते उभे चिरून घ्यावे लागते. आत सूज वाढली आणि प्लास्टर घट्ट राहिले तर पायाचा रक्तपुरवठाच बंद पडू शकतो. तिथल्या डॉक्टरांना हे आवर्जून विचारा. दुखापत असूनही व्यवस्थित बसून येऊ शकणारे कितीतरी लोक असे आहेत, ज्यांच्यासाठी एवढी एक काळजी पुरते.

पर्याय तीन आहेत, आणि छोटे विमान तिसरे आहे

*नेहमीचे विमान, सोबत नर्स किंवा डॉक्टर.* रुग्ण बसू शकतो, बोलतो, थोडा ऑक्सिजन लागला तरी चालतो, अशा वेळी हा मार्ग. तिकीट, व्हीलचेअर आणि सोबतच्या वैद्यकीय माणसाचा खर्च एवढेच. विमानात स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर नेता येत नाही, तो विमान कंपनीकडून आधी मागवावा लागतो.

*नेहमीच्या विमानात स्ट्रेचर.* रुग्ण आडवा आहे पण स्थिर आहे. विमान कंपनी मागच्या बाजूच्या काही सीट दुमडून त्यांवर स्ट्रेचर बसवते आणि पडदा लावते. साधारण सहा ते नऊ सीटचे भाडे पडते, सोबतच्या माणसाचे वेगळे. यासाठी ‘मेडिफ’ नावाचा फॉर्म तिथल्या डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो आणि विमान कंपनीचा वैद्यकीय विभाग तो तपासतो. दोन-तीन दिवस तरी आधी अर्ज लागतो. प्रत्येक विमानात स्ट्रेचर बसत नाही. मुंबईला रोज उड्डाण आहे म्हणून स्ट्रेचरही रोज मिळेल, असे समजू नका. पक्षाघात, कंबरेचे किंवा मांडीचे हाड, दीर्घ आजार अशा बऱ्याच रुग्णांसाठी हाच खरा मार्ग आहे आणि आपल्याकडे त्याचा विचार सर्वांत कमी होतो.

*एअर ॲम्ब्युलन्स, म्हणजे चार्टर केलेले छोटे विमान.* व्हेंटिलेटर चालू आहे, रक्तदाब औषधांच्या आधारावर आहे, मेंदूला मार आहे, किंवा संसर्गामुळे प्रवासी विमान घेणार नाही, अशा वेळी हा पर्याय. खर्च दोन आकडी लाखांत जातो. रुग्ण तिथेच चांगल्या आयसीयूत असेल, विमा बिल भरत असेल, तर आठ-पंधरा दिवस तिथेच राहून मग स्ट्रेचरवर येणे हे पुष्कळदा जास्त शहाणपणाचे असते. आपल्या डोळ्यांसमोर असावा ही ओढ मी समजू शकतो. पण जमीन गहाण टाकण्याआधी तिथल्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: इथे जे उपचार मिळताहेत त्यापेक्षा मुंबईत वेगळे काय मिळणार आहे? उत्तर “काही नाही” असेल तर थांबा.

छोटे विमान परदेशात उतरते कसे

इथे लोकांचा सर्वाधिक गोंधळ होतो. पैसे भरले की विमान उडाले, असे होत नाही. खासगी छोटे विमान दुसऱ्या देशात न्यायचे तर बऱ्याच हातांतून परवानग्या जातात. त्या काढण्याचे काम विमान चालवणाऱ्या कंपनीचे, तुमचे नाही. तरी काय चालले आहे हे माहीत असले तर तुम्हाला योग्य प्रश्न विचारता येतात.

भारतातल्या अशा कंपनीकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट असावे लागते. परमिटधारकांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. नाव तिथे नसेल तर बोलणारा माणूस दलाल आहे. दलाल असणे गुन्हा नाही, पण विमान कोणाचे हे त्याने सांगितलेच पाहिजे. विमानाचा नोंदणी क्रमांक मागा: भारतीय विमानावर तो ‘व्हीटी’ने सुरू होतो, यूएईच्या ‘ए६’ने, कुवेतच्या ‘९के’ने. याशिवाय ज्या देशात उतरायचे त्याची उतरण्याची परवानगी, वाटेतल्या देशांची आकाशातून जाण्याची परवानगी, विमानतळावरची वेळ, आणि भारतातून निघताना हवाई संरक्षणाचा क्रमांक, हे सगळे जुळावे लागते. आधी ज्याच्या आधारे हे चालायचे तो १९३४चा विमान कायदा आता राहिलेला नाही. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे.

उतरण्याची परवानगी मागताना रुग्णाचा पासपोर्ट, वैद्यकीय अहवाल आणि इथल्या रुग्णालयाचे स्वीकृतिपत्र जोडले जाते. म्हणजे मुंबईत खाट मिळाल्याचे पत्र नसेल तर परवानगीही पुढे सरकत नाही. सगळे कागद हातात असतील तर एक ते तीन दिवस धरून चला, मध्ये सुट्टी आली तर त्याहून जास्त.

अंतराचाही विचार करा. मुंबईहून मस्कत सुमारे १,६०० किलोमीटर, दुबई १,९००हून थोडे जास्त, रियाध आणि कुवेत २,७००च्या पुढे. दोन पंख्यांचे टर्बोप्रॉप विमान स्वस्त पडते, पण लांबच्या ठिकाणी जाताना त्याला वाटेत इंधनासाठी उतरावे लागू शकते. जेट महाग, पण वेळ निम्म्यावर. शिवाय वैमानिकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा असते. मुंबई ते रियाध आणि परत हे एका दमात झाले नाही तर वैमानिकांची विश्रांती, हॉटेल आणि विमान उभे ठेवण्याचे भाडे बिलात येते. हे आधी विचारले नाही तर नंतर वाद होतो.

भारतीय कंपनीचे विमान मुंबईहून रिकामे जाते आणि रुग्णाला घेऊन परत येते. भाडे दोन्ही बाजूंचे. आखातातल्या कंपनीचे विमान रुग्णाला सोडून रिकामे परत जाते. तिथेही भाडे दोन्ही बाजूंचेच असते. दोन्हींकडून भाव मागवा. एखाद्या कंपनीचे विमान आधीच त्या बाजूला असेल तर भाव उतरतो, पण त्यासाठी रुग्णाची वेळ ताणू नका.

आतली जागा

छोट्या विमानाचे दार अरुंद असते. रुग्णाला स्ट्रेचरसह तिरके करून, उतरत्या फळीवरून सरकवत आत घेतात. स्ट्रेचर एका बाजूच्या खिडक्यांना लागून, खाली ऑक्सिजनच्या नळकांड्या, डोक्याशी डॉक्टर, पायाशी तंत्रज्ञ. उरते ती एक सीट, फार तर दोन. उभे राहायला जागा नाही. शौचालय असलेच तर पडद्यामागे. सोबत येणारा नातेवाईक उच्च रक्तदाबाचा किंवा घाबरट असेल तर त्याला नेहमीच्या विमानाने पाठवा आणि रुग्णाजवळ शांत माणूस ठेवा. सामानाची एक छोटी बॅग. खोलीवरचे ब्लँकेट, टीव्ही, भेटवस्तू या विमानात येणार नाहीत. उतरल्यावर कस्टम्सचे नियम तेच लागू असतात, सोने बरोबर पाठवू नका.

मेंदूला मार असलेल्या किंवा छातीत हवा अडकलेल्या रुग्णासाठी केबिनचा दाब जमिनीएवढा ठेवून उडता येते. त्यासाठी विमान खालच्या उंचीवरून जाते, इंधन जास्त जाते, वेळ जास्त लागतो. रुग्णाला याची गरज आहे का हे डॉक्टरांना विचारा, आणि असेल तर ती अट भावपत्रात लिहून घ्या.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

भावपत्र ईमेलवर घ्या, व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपावर नको. त्यात ही उत्तरे हवीत:

- विमान कोणते, नोंदणी क्रमांक काय, ते कोणत्या कंपनीच्या परमिटवर आहे?
- सोबत डॉक्टर कोण, त्यांची पात्रता काय? नुसता नर्स की आयसीयूचा अनुभव असलेला डॉक्टर?
- सेवा खाटेपासून खाटेपर्यंत आहे की विमानतळापासून विमानतळापर्यंत?
- उतरण्याचे शुल्क, परवानग्या, वैमानिकांचा मुक्काम, जीएसटी धरून एकूण रक्कम किती?
- रुग्ण त्या दिवशी बिघडला किंवा दगावला, किंवा परवानगी आली नाही, तर किती पैसे परत मिळतील?

तिसरा प्रश्न सोडू नका. भारतातून गेलेल्या डॉक्टरांना त्या देशाचा व्हिसा नसेल तर ते विमानतळाबाहेर पडू शकत नाहीत. मग तिथल्या रुग्णवाहिकेतून रुग्णाला धावपट्टीजवळ आणतात आणि विमानाच्या पायऱ्यांशी एक टीम दुसरीच्या हवाली करते. व्हेंटिलेटर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातो, औषधांचे पंप बदलतात. तिथल्या डॉक्टरांनी काय दिले ते लिहिलेला कागद तेव्हा हातात नसेल तर धोका असतो. हा ताबा कोण कोणाला देणार, त्याचे नाव आणि फोन आदल्या दिवशी मिळवा.

पूर्ण रक्कम आगाऊ मागणे या धंद्यात नेहमीचे आहे, म्हणून त्यावरून संशय घेऊ नका. संशय घ्या तो खाते कंपनीच्या नावाचे नसून व्यक्तीच्या नावाचे असेल तेव्हा.

पैसे कोण देणार

आधी विमा आणि मालक, मग सरकार, मग गाव. हा क्रम मोडू नका.

तिथला आरोग्य विमा: सौदीत परदेशी कामगाराचा विमा मालकाने काढायचा असतो. यूएईत १ जानेवारी २०२५ पासून सर्व अमिरातींत तो सक्तीचा आहे. पॉलिसीत मायदेशी परत पाठवण्याचा खर्च धरलेला आहे का ते पाहा, किती धरला आहे तेही पाहा. कामावर अपघात झाला असेल तर सौदीत गोसी या सामाजिक विमा संस्थेकडे नोंद झाली का हे कंपनीला लेखी विचारा. अपघाताची नोंद उशिरा झाली की भरपाईचा हक्क ढिला पडतो.

प्रवासी भारतीय बीमा योजना: पासपोर्टवर ईसीआरचा शेरा असलेल्यांना, म्हणजे सामान्यपणे दहावी नसलेल्यांना, आखातात जाताना ही पॉलिसी सक्तीने काढावी लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख. वैद्यकीय कारणाने परत यावे लागले तर इकॉनॉमी वर्गाचे एका बाजूचे भाडे मिळते, एअर ॲम्ब्युलन्सचे नाही. पॉलिसीची मुदत संपलेली नाही ना, हे पाहा. दोन वर्षांचा हप्ता भरून पाच वर्षे राहिलेले खूप आहेत. नूतनीकरण ऑनलाइन करता येते. तुमच्या घरातला माणूस आज धडधाकट असेल तर ही पॉलिसी आजच तपासा.

भारतीय दूतावास: दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडचणीतल्या गरजू भारतीयांचे तातडीचे उपचार, परतीचे भाडे, मृतदेह पाठवणे यांसाठी तो वापरतात. कुटुंबाची परिस्थिती पाहिली जाते. अर्ज करा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका जोडा. पण एअर ॲम्ब्युलन्सचे सगळे बिल तिथून भरले जाईल, असे धरून विमान बुक करू नका. तक्रार ‘मदद’ पोर्टलवर नोंदवा, त्यात क्रमांक मिळतो आणि पाठपुरावा दिसतो. सरकारची प्रवासी मदतवाहिनी १८०० ११ ३०९० ही चोवीस तास आहे.

जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफमधल्या इमारतीच्या आगीनंतर वायुसेनेचे विमान ४५ भारतीयांचे मृतदेह घेऊन कोचीला आले होते. ते पाहिलेल्या अनेकांना वाटते की मागितले की सरकारी विमान येते. ती सामूहिक दुर्घटना होती. एकट्या रुग्णासाठी अशी अपेक्षा ठेवून दिवस घालवू नका. लोकप्रतिनिधींचे पत्र दूतावासापर्यंत लवकर पोहोचायला उपयोगी पडते, त्यासाठी ते जरूर घ्या.

गावाकडून, जमातीकडून, मंडळाकडून वर्गणी झाली तर एका खात्यात घ्या आणि खर्चाचा कागद सगळ्यांना दाखवा. रुग्ण बरा झाल्यावर त्याला त्याच माणसांत वावरायचे असते.

देशाबाहेर पडण्याची अडचण

विमान तयार, खाट तयार, आणि रुग्णाला विमानतळावर अडवले, असे होऊ शकते. कारणे बहुधा अशी: कफीलने (मालकाने) ‘हुरूब’ लावलेला, म्हणजे पळून गेल्याची तक्रार, इकामा संपलेला, बँकेचे कर्ज किंवा मोबाइलचे बिल थकलेले, रस्त्यावरच्या अपघातात पोलीस केस, रुग्णालयाचे बिल बाकी. सौदीत कायमचे परत यायचे तर फायनल एक्झिट लागतो. यातले काय लागू आहे हे पहिल्याच दिवशी कंपनीला आणि दूतावासाला विचारा. पासपोर्ट मालकाकडे अडकला असेल किंवा संपला असेल तर दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. तो एकदाच भारतात येण्याचा कागद असतो.

कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे कायद्याला धरून नाही, हे लक्षात ठेवा. पण आजारपणात भांडण उकरण्याऐवजी दूतावासाकडून पत्र घ्या, काम लवकर होते. भांडायचे ते माणूस घरी आल्यावर.

मुंबईत उतरल्यावर, आणि महाडपर्यंत

विमान महाडला किंवा पोलादपूरला उतरत नाही. इथे धावपट्टीच नाही, आणि परदेशातून आलेले विमान कस्टम्स-इमिग्रेशन असलेल्या विमानतळावरच उतरावे लागते. मुंबईत खासगी विमानांचा टर्मिनल कलिन्याच्या बाजूला आहे, नेहमीच्या प्रवासी टर्मिनलला नाही. नातेवाइकांनी चुकीच्या दारात उभे राहू नये. रुग्णवाहिका आत न्यायची तर गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव आणि ओळखपत्र विमान कंपनीच्या एजंटला आदल्या दिवशी द्या.

काही जण विचारतात, मुंबईहून पुढे हेलिकॉप्टर करू का? माझा सल्ला, करू नका. ३ मे २०२४ रोजी महाडमध्ये एका राजकीय नेत्याला न्यायला आलेले हेलिकॉप्टर उतरतानाच कोसळले होते, स्वच्छ दिवसाच्या उजेडात. तात्पुरत्या हेलिपॅडची परवानगी, पोलीस, अग्निशमन, धूळ बसवायला पाणी, एवढे सगळे करून वाचणार किती, तर दोन-तीन तास. त्यापेक्षा मुंबई किंवा नवी मुंबईतल्या रुग्णालयात थेट भरती करा आणि स्थिर झाल्यावर महामार्गाने आणा.

खाट आधी. खासगी रुग्णालय परवडत नसेल तर जे.जे., केईएम किंवा सायन रुग्णालयाच्या संबंधित विभागाशी, कागद घेऊन, प्रत्यक्ष जाऊन बोला. फोनवर खाट मिळत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार तयार ठेवा, आणि रुग्णाचे नाव शिधापत्रिकेतून कमी झालेले नाही ना ते पाहा. परदेशी गेला म्हणून नाव कमी केलेले असते आणि मग आरोग्यमित्राच्या टेबलाशी अडते.

पावसाळा असेल तर घरी आणण्याची घाई करू नका. २२ जुलै २०२१ची पुराची रात्र महाडकर विसरलेले नाहीत. सावित्री आणि गांधारीचे पाणी शहरात असताना ऑक्सिजनवरचा रुग्ण घरात असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत तर पावसात दरड आली की रस्ताच उरत नाही, माणसाला डोलीतून खाली आणावे लागते. अशा घरच्या रुग्णाला ऑक्टोबरपर्यंत पनवेल, माणगाव किंवा महाड शहरातल्या नातेवाइकांकडे, रुग्णालयाच्या जवळ ठेवा. घरी आणल्यावर तातडीसाठी १०८ आहेच, पण वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत कोण नेणार हे तुमच्या वस्तीने आधी ठरवून ठेवलेले बरे.

माणूस वाचला नाही तर

मृतदेहासाठी छोटे विमान लागत नाही, नेहमीच्या विमानाच्या कार्गोतून आणतात. त्यासाठी तिथला मृत्यूचा दाखला, पोलिसांची परवानगी, एम्बामिंगचा दाखला, दूतावासाची एनओसी आणि रद्द केलेला पासपोर्ट लागतो. मुंबई विमानतळावरच्या आरोग्य विभागाची मंजुरी ऑगस्ट २०२३ पासून ‘ई-केअर’ पोर्टलवरून मिळते. सौदीच्या कामगार कायद्यात मृतदेह मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकावर आहे. तिथेच दफन करायचे असेल तर कुटुंबाची लेखी संमती लागते. खाडीपट्ट्यातली पुष्कळ मुस्लिम घरे तसे करतात आणि त्याने हक्काची भरपाई कमी होत नाही. संमतीच्या कागदावर “सर्व येणे मिळाले” असे वाक्य घातलेले नाही ना, हे सही करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या.

मुखत्यारपत्र विमानात बसण्याआधी

रुग्ण परत आला की कंपनीचे येणे मागे राहते: थकलेला पगार, नोकरी संपल्यावरची रक्कम, अपघाताची भरपाई. तो शुद्धीवर असेल आणि सही करू शकत असेल, तर तिथून निघण्यापूर्वीच विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून घ्या. दूतावासाचा माणूस कधीकधी रुग्णालयातही येतो, विचारून पाहा. एकदा तो महाडला आला की तोच कागद इथून करावा लागतो: नोटरी, मग राज्य सरकारचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय. ओमान, बहरीन आणि सौदीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल चालतो. कुवेत, यूएई आणि कतारसाठी त्यापुढे त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी अरबी भाषांतरही.

रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, बिले, विमान कंपनीचे भावपत्र आणि पावती, कंपनीशी झालेले ईमेल, हे सगळे एका फाइलमध्ये ठेवा, आणि फोटो काढून दोन वेगळ्या फोनवर. विम्याचा दावा कोणत्या मुदतीत करायचा हे पॉलिसीवर छापलेले असते. ती तारीख फाइलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.